कुलपे सगळी रात्रीची

आमच्या दुकानाला एकूण नऊ कुलपे आहेत. पुढच्या शटरला दोन बाजूंना दोन आणि मधले सेंटर लॉक, आतल्या ग्रीलला दोन, मागच्या दाराला एक, माळ्याला एक, लोखंडी कपाटाला एक आणि गल्ल्याला एक. रात्री साडेआठला ती सगळी लावून हिसका देऊन बघायला कामाच्या पोराला दहा मिनिटे लागतात. शुक्रवार, २२ ऑगस्ट २०२५ला दुपारी पावणेदोनच्या सुमारास आमच्याकडे चोरी झाली, तेव्हा या नवांपैकी एकही लावलेले नव्हते. लावणार कसे? दुकान चालू होते.

दुकान गोव्यात म्हापशाला, बाजाराच्या अंगाला. तांब्या-पितळेची भांडी. समया, निरांजने, तांब्ये, पंचपात्री, घंगाळे, देवाची ताम्हने. माझ्या आजेसासऱ्यांनी १९६४ला घातलेले. सासरे, ज्यांना आम्ही घरात आणि बाजारातही भाई म्हणतो, आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत, आणि रोज सकाळी नऊला येऊन गल्ल्यावर बसतात. नवरा सरकारी नोकरीत, त्यामुळे गेली अकरा वर्षे दुकान मी बघते.

म्हापशाचा शुक्रवार ज्याने पाहिला नाही त्याला सांगणे कठीण. सगळा बार्देश तर येतोच, शिवाय पेडणे, डिचोली, पलीकडून दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी. त्यात तो चवथीआधीचा, म्हणजे गणेश चतुर्थीआधीचा, शेवटचा शुक्रवार. चवथ बुधवारी, २७ला. रस्त्याच्या दोन्ही कडांना माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचे, सामान घेऊन बायका बसलेल्या. तोरिंजने, कवंडळे, सुपारीचे घोस, नारळ. वर श्रावणसर नव्हे, चांगला सणकून पाऊस. एरवी आम्ही एक ते साडेतीन बंद असतो. गोव्यात दुपारची झोप म्हणजे नुसता आराम नव्हे, ती जवळजवळ नागरी संस्था आहे. पण चवथीच्या आठवड्यात कोण झोपतो? म्हणून आम्ही दरवर्षी करतो तेच केले. शटर अर्ध्यावर खाली ओढले आणि दुकान चालू ठेवले. पाऊस आत येऊ नये, आणि येणाऱ्याला कळावे की लोक जेवताहेत, फार घासाघीस नको.

मी समोर माटोळीचे घ्यायला गेले. वीस मिनिटे, फार तर पंचवीस. परत आले तर भाई एका रिकाम्या खुर्चीसमोर पाण्याचा पेला हातात धरून उभे होते.

त्यांनी सांगितले ते असे. एक जोडपे आले. माळ्यावर आहे ती मोराची मोठी समई दाखवा म्हणाले. पोरगा शिडी लावून वर गेला. बाईला एकाएकी घेरी आली. भाईंनी तिला खुर्ची दिली आणि पाणी आणायला मागे गेले. तेवढ्यात आणखी एक जण छत्री घेऊन आत आला होता, पण भाईंनी त्याच्याकडे पाहिले नाही. पाणी घेऊन आले तर कोणीच नाही. माळ्यावरून पोरगा समई छातीशी धरून खाली उतरत होता, आणि घ्यायला माणूस नव्हता.

गल्ल्याचा खालचा खण उघडा होता. त्यात बिस्किटांचा पत्र्याचा डबा असे, सकाळची रोकड त्यात टाकायची आणि दुपारनंतर बँकेत न्यायची, अशी रीत. डबा गेला होता.

११२ला फोन केला. तासाभरात हवालदार आणि आणखी एक जण आले. त्याआधी मी जी चूक केली ती सांगते, म्हणजे दुसरे कोणी करणार नाही. मी खण बंद केला. कशासाठी, देवाला ठाऊक; उघडा बघवेना म्हणून. आणि भाईंनी काउंटरवर सांडलेले पाणी फडक्याने पुसून घेतले. बोटांचे ठसे घ्यायला आलेल्या माणसाने आम्हा दोघांकडे असे पाहिले की मला शाळेत असल्यासारखे वाटले. चोरी झाल्याचे कळले की दुकानाबाहेर येऊन उभे राहायचे, एवढेच करायचे असते.

हवालदाराचा पहिला प्रश्न होता, “पयशे मेजिल्ले?” पैसे मोजले होते का? नव्हते. शुक्रवारी मोजायला फुरसत कुठे असते? मग मी बिलबुकावरून सकाळची विक्री काढली, त्यातून फोनवरून आलेले पैसे वजा केले, सुट्ट्यासाठी घातलेले मिळवले, आणि ६१,३०० हा आकडा आला. तक्रारीत तोच गेला. पण तो हिशोबाने काढलेला आकडा होता, मोजलेला नव्हे, आणि हा फरक पुढे विम्यात नडला.

कॅमेरा होता ना, असे सगळे विचारतात. होता. चार होते. हवालदाराने पडद्यासमोर बसून ती दोन मिनिटे तीनदा पाहिली आणि म्हणाला, “हांगा चोर खंय? सत्री मात दिसता.” चोर कुठे, छत्रीच तेवढी दिसते. खरेच. कॅमेरा छताच्या कोपऱ्यात, वरून खाली बघणारा. त्या माणसाने आत येऊन छत्री मिटलीच नाही, पाणी झाडण्याच्या निमित्ताने अर्धवट उघडीच ठेवली, आणि काळ्या छत्रीचे ते वर्तुळ काउंटरच्या कडेने आत सरकले, थांबले, बाहेर पडले. आमच्या चार कॅमेऱ्यांनी एक छत्री उत्तम टिपली होती. त्यातही चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्राचे घड्याळ सतरा मिनिटे मागे होते. वीज जाते-येते, कोण बघतो? त्यामुळे पंचनाम्यात यंत्रावरची वेळ आणि खरी वेळ यांतली तफावत वेगळी नोंदवावी लागली. नाहीतर कोर्टात कोणीही विचारेल की चोरी झाली तेव्हा तुम्ही स्वतः तर दुकानात होता.

चित्रीकरण नुसते पेनड्राइव्हवर घालून दिले की झाले असे मला वाटत होते. तसे नसते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३प्रमाणे त्याच्यासोबत प्रमाणपत्र लागते. त्याचे दोन भाग. एक, यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने, म्हणजे मी, सही करायचा, दुसरा जाणकाराचा. त्यात फाइलचा हॅश लिहितात. हॅश म्हणजे अक्षरे-आकड्यांची एक लांबलचक ओळ. फाइलमध्ये कणभर फरक केला तरी ही ओळ पार बदलते. आमचे यंत्र पंधरा दिवसांनी जुने पुसून त्यावर नवे भरत जाते. पहिल्याच दिवशी प्रत काढली म्हणून बरे.

तक्रार मी आधी घरी मराठीत लिहून काढली होती. गोव्याच्या १९८७च्या राजभाषा कायद्याने मराठीचा वापर करता येतो हे ठाऊक होते, आणि भाषेच्या बाबतीत आमच्या घराला जरा खाजही आहे. पण बोलणे सगळे कोंकणीत झाले आणि टंकले गेले इंग्रजीत. मी हट्ट धरला नाही. ओळ न् ओळ वाचून घेतली, एके ठिकाणी “सकाळी” झाले होते ते “दुपारी” करून घेतले आणि सही केली. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते, ती लगेच घेतली. कलम लागले भारतीय न्याय संहितेचे ३०५, म्हणजे राहत्या किंवा माल ठेवायच्या इमारतीतली चोरी. शिक्षा सात वर्षांपर्यंत. चोर सापडला तर.

इथपर्यंत एक दिवस. खरे कठीण ते दुसऱ्या दिवशी. पोलिसांनी पोराला बोलावले. त्यात त्यांचे चुकले असे म्हणता येणार नाही. माळ्यावर तोच होता, आणि चोरीच्या वेळी माणूस नेमका माळ्यावर असणे हा योगायोगही असतो आणि बेतही. पोरगा दोडामार्ग तालुक्यातला, चार वर्षे आमच्याकडे. चार तासांनी परत आला. मी चहा पुढे केला तर घेतला नाही. म्हणाला, “वयनी, आजपासून माजी पिशवी रोज बघा. नायतर माका झोप येवची नाय.”

मला काय बोलावे कळेना. रात्री नवऱ्याशी बोलले आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची पिशवी काउंटरवर उघडायची असे ठरवले. पहिली माझी. मग भाईंची, ज्यात चष्म्याचे घर, तपकिरीची डबी आणि वर्तमानपत्र याखेरीज गेल्या साठ वर्षांत काही गेले असेल असे वाटत नाही. मग पोराची. आज वर्ष होत आले, अजून करतो. आता त्याचे कोणालाच काही वाटत नाही.

विम्याचे थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखे एकच वाक्य आहे. पाहणी करायला आलेल्या माणसाने विचारले, “कुलूप तोडल्याची खूण दाखवा.” खूण नव्हती. आमच्या पॉलिसीत घरफोडी होती, आणि घरफोडी म्हणजे जबरदस्तीने आत शिरणे किंवा बाहेर पडणे. शटरखालून वाकून ग्राहकासारखा आत आलेला चोर त्यात बसत नाही. रोकडीचा भाग होता, तोही लुटालुटीपुरता आणि मोजून नोंदलेल्या रकमेपुरता. दावा फेटाळल्याचे पत्र आले. दोन दिवस मी चरफडले, मग पॉलिसी पहिल्यांदाच पहिल्या पानापासून वाचली. लिहिलेले होते. साध्या चोरीसाठी जादा हप्ता भरून जोड मिळते, ती आता घेतली. पण तिच्यातसुद्धा साठ्याच्या मोजणीत कमी भरलेला माल धरत नाहीत.

आणि मोजणीतच मोठा धक्का बसला. चवथ होऊन गेल्यावर मी आणि पोराने सगळा माल मोजायला घेतला. वर्षाकाठी एकदा मार्चअखेरीला मोजतो, पण तेव्हा मोठ्या वस्तूच मोजतो आणि लहान किलोवर धरतो. या वेळी एकेक नग मोजला. पंचपात्री ४० हव्या होत्या, ३३ निघाल्या. लहान निरांजने अकरा कमी. पितळी बाळकृष्ण, हाताच्या मुठीत मावतात ते, नऊ कमी. घंटा चार. कधी गेल्या, कोणी नेल्या, काही पत्ता नाही. छत्रीवाल्याने एका दुपारी डबा नेला म्हणून आम्ही हादरलो होतो, आणि इकडे कोण जाणे किती महिने दुकान थेंब थेंब गळत होते.

तेव्हा मला कळले की हे दुकान रात्रीसाठी मांडलेले आहे. कुलपे रात्रीची. बाजाराने वर्गणी काढून ठेवलेला पहारेकरी रात्रीचा. म्हापशाचा राखणदार तो देव बोडगेश्वर, तोही रात्रीच फिरतो असे भाई सांगतात. दिवसासाठी काय होते? भाई. आणि भाईंची खुर्ची रस्त्याकडे तोंड करून. कोण कुठे चालला, कोणाच्या पिशवीत कसले मासे, हे सगळे तिथून दिसायचे. पाठीमागचे दुकान दिसायचे नाही.

काउंटर फिरवायचा म्हटल्यावर घरात जे झाले ते इथे लिहीत नाही. आठ दिवस भाई माझ्याशी मोजके बोलले. शेवटी सुताराने मध्यम मार्ग काढला. काउंटर दाराशी आडवा लावला; त्यावर बसणाऱ्याला उजवीकडे रस्ता आणि डावीकडे दुकान दिसते, आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या हाताएवढ्या अंतरावरून जावे लागते. काउंटरच्या मागे जायला जी फट होती तिथे बिजागरीची फळी बसवली. आतून कडी. ती उचलल्याशिवाय कोणी मागे जाऊ शकत नाही, आणि ती पडली की भांड्यांच्या दुकानाला शोभेल असा आवाज होतो.

सगळ्यात आत, जिथे नजर पोहोचत नाही, तिथे गावातल्या रस्त्यांच्या वळणांवर लावतात तसला फुगीर गोल आरसा लावला. सगळ्या बदलांत स्वस्त हाच, आणि माझ्या मते कॅमेऱ्यापेक्षा उपयोगी. कॅमेरा काल काय झाले ते सांगतो. आरसा आत्ताचे दाखवतो. शिवाय आतल्या माणसालाही आरशात आपण दिसतो, आणि तेवढ्याने हात आवरतो असे मला वाटते. कॅमेरे काढले नाहीत. एक मात्र छतावरून खाली आणून दाराच्या चौकटीला, डोळ्यांच्या उंचीवर, आतून बाहेर जाणाऱ्याचा चेहरा येईल असा लावला. यंत्र देव्हाऱ्याखाली होते ते माळ्यावर कुलपात ठेवले, बॅटरीवर घेतले, आणि दर सोमवारी पोरगा मोबाइलशी त्याचे घड्याळ जुळवतो.

लहान मालाचे काय करायचे याला वेळ लागला. काचेत बंद केला तर विक्री पडते; पितळ हातात घेऊन वजन बघितल्याशिवाय कोणी घेत नाही, आणि घेऊही नये. मग प्रत्येक प्रकाराचा एकेक नग पुढे मांडला आणि तो तंगुसाने फळीला बांधला, मासे गरवायला वापरतात त्याच. दिसत नाही, तुटत नाही, आणि हातात घेऊन उलटसुलट बघता येते. बाकीचा माल मागे. आता एखादी वस्तू फळीवरून गेली तर तिची रिकामी जागा दिसते. पूर्वी चाळीसांतली एक गेली तर कोणाला कळणार?

छत्र्या आणि मोठ्या पिशव्या दारात ठेवून घ्यायच्या ठरवल्या. पहिल्याच दिवशी शिवोलीची एक जुनी गिऱ्हाईक बाय भडकली, “आमी चोर दिसतांव गो तुका?” तिचे बरोबर होते. चार दिवसांत मी पद्धत बदलली. दारात एक मोठे तांब्याचे घंगाळ ठेवले आणि म्हणायला लागले, “सत्री हांगा दवर गो बाय, उदकान पितुळ काळें पडटा.” पाण्याने पितळ काळे पडते हे खोटेही नाही. पिशवीला आम्ही पितळी बिल्ला देतो, त्यावर ठोकून नंबर घातलेला. मुलांना तो फार आवडतो. दोन बिल्ले असेच गेले.

रोकडीचा डबा बंद. आता जमिनीत बोल्ट ठोकलेली लोखंडी पेटी आहे, वर नोट जाईल एवढी फट. पाच हजार झाले की मोजायचे, चिठ्ठीवर आकडा आणि वेळ लिहायची, नोटा चिठ्ठीत गुंडाळून आत. किल्ली दुकानात नसते. फोनवरून पैसे देणाऱ्यांचे मात्र दुसरेच. तिथे ग्राहकाच्या मोबाइलवरचे हिरवे चित्र बघून माल सोडायचा नाही, पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणाऱ्या आपल्या डबीने रक्कम बोलली तरच. हे आम्हाला आधीच एकदा महागात पडून शिकून झाले होते.

मागच्या दाराला स्प्रिंगचे जाळीदार दार आणि वर आपलीच एक घंटा.

बाजारातल्या दुकानदारांनी मोबाइलवर गट केला, तो चांगला चालतो. कोणाकडे संशयास्पद काही झाले की दोन मिनिटांत सगळ्यांना कळते. पण आमच्या त्या जोडप्याचे चित्र गटात टाका म्हणून फार आग्रह झाला, तेव्हा मी नाही म्हटले. चित्र पोलिसांना दिले आहे, पुरे. महिन्याभराने त्याच गटात एकाने एका बाईचा फोटो “चोर” म्हणून टाकला, आणि ती निघाली पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरांची मेहुणी. सगळ्यांनी जाऊन माफी मागितली.

तंगूस बांधल्यावर एकदा एक कॉलेजचा मुलगा बाळकृष्ण खिशात घालताना सापडला. मूर्ती फळीला, खिसा मूर्तीला, असा अडकून उभा होता. पोलिसांत दिले नाही. पाच हजारांच्या आतली, पहिलीच चोरी असेल आणि वस्तू परत केली असेल तर नव्या कायद्यात समाजसेवेची शिक्षा आहे हे तोवर वाचलेले होते. मी त्याला अर्धा तास घंगाळे पुसायला बसवले. बेकायदा असेल तर असो.

अर्धे शटर मात्र पुन्हा कधी ओढायचे नाही यावर सगळ्यांचे एकमत झाले. त्या दुपारी समोर दोनशे माणसे होती, आणि शटरमुळे एकालाही दुकानाच्या आतले गुडघ्यांपलीकडे दिसत नव्हते. आता एक तर पूर्ण उघडे किंवा एकला पूर्ण बंद, आणि बंद म्हणजे नऊच्या नऊ कुलपे. यंदाच्या चवथीला दुपारची विक्री बुडेल. बुडू दे.

९० दिवसांच्या आत तक्रारदाराला तपास कुठवर आला ते कळवायचे असते. तसा निरोप आला: तपास चालू आहे. अजून चालू आहे.

भाईंचे एक मत मात्र बदललेले नाही. ती बाई चोरांपैकी नव्हती. “तिका खरेंच घुंवळ आयिल्ली,” तिला खरेच घेरी आली होती, असे ते आजही सांगतात. हात थंड होता म्हणे. तो पुरुष तिचा कोण होता, मग दोघे गेली कुठे, असले काही विचारले की गप्प बसतात. गेल्या शुक्रवारी गर्दीत एक म्हातारा काउंटरला टेकला आणि पाणी मागितले. मी आत होते, आरशात बघत होते. भाई उठले. फळी खाली केली, कडी घातली, हिसका देऊन बघितली. पेटीच्या फटीवर हात ठेवून पाहिला. पोराला हाक मारून खुर्चीत बसवले. मग पाणी आणायला गेले.

म्हातारा तेवढा वेळ थांबला होता. पाणी पिऊन त्याने एक लहान तांब्या घेतला, तोही भाव न करता.